एकाच रक्ताची दोन वयं: एपिजेनेटिक वय चाचणीचा अनेक महिन्यांचा अनुभव

रक्ताच्या थेंबातल्या डीएनएवरून शरीराचं ‘जैविक वय’ सांगणाऱ्या या घरगुती चाचणीच्या किटमध्ये काय काय येतं, कार्डावर रक्त कसं घ्यायचं, रिपोर्ट किती आठवड्यांनी येतो हे बऱ्याच जणांनी लिहून ठेवलंय, ते परत लिहीत नाही. माझी तक्रार मुख्यतः रिपोर्टवरच्या एका दशांश चिन्हाबद्दल आहे.

वार्षिक योजनेतलं एक किट पडून राहिलं होतं आणि त्याची मुदत संपत आली होती. पैसे भरलेली वस्तू माझ्याच्याने फेकवत नाही, म्हणून नेहमीच्या किटबरोबर तेही वापरून टाकलं. एकाच बोटातून, पाठोपाठ, दोन्ही कार्डांवरचे गोल भरले, शेजारी शेजारी सुकवले आणि एकाच दिवशी पाठवले. रिपोर्ट आले. एकावर जैविक वय 41.3, दुसऱ्यावर 46.8. पहिल्याखाली हिरवी पट्टी आणि अभिनंदन, दुसऱ्याखाली केशरी पट्टी आणि त्याच कंपनीच्या गोळ्यांची शिफारस. माणूस तोच, बोट तेच, सकाळ तीच.

ग्राहक सेवेला लिहिलं. आधी उत्तर आलं की शरीरात नैसर्गिक चढउतार होतच असतात. दोन मिनिटांत साडेपाच वर्षांचा चढउतार कसा, असं विचारल्यावर सांगितलं की नमुना नीट घेतला गेला नसेल. पण दोन्ही रिपोर्टांवर नमुन्याची गुणवत्ता समाधानकारक असल्याचं त्यांनीच छापलंय. ते दाखवल्यावर पुढच्या किटवर सवलत देऊ केली. रिफंड नाही. मी विचारत होते ते एवढंच, की तुमच्या आकड्यापुढे अधिक-उणे किती धरायचं? हा प्रश्न मी प्रत्येक मेलमध्ये विचारला आणि प्रत्येक उत्तरात तो टाळला गेला. घरचा वजनकाटा एका मिनिटात दोन वेगळी वजनं दाखवायला लागला तर आपण तो परत करतो, आणि दुकानदार तो परत घेतोही.

संताप एवढ्यासाठी, की या ‘एपिजेनेटिक घड्याळां’मागचं, म्हणजे डीएनएवरून वय काढणाऱ्या सूत्रांमागचं, विज्ञान खरोखर सुंदर आहे. संशोधक स्टीव्ह हॉर्वाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरच्या फक्त 353 जागांच्या मिथिलेशनवरून (डीएनएला चिकटणाऱ्या मिथिल गट नावाच्या छोट्या रासायनिक खुणांवरून) वय ओळखून दाखवलं, आणि तेही रक्त, यकृत, मेंदू अशा वेगवेगळ्या ऊतींमध्ये. चूक किती, तर साधारण 3.6 वर्षं. हा आकडा त्यांनी स्वतः शोधनिबंधात दिलाय. म्हणजे ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांनी त्याची मर्यादा लिहिली, आणि विकणाऱ्यांनी ती काढून त्या जागी दशांश चिन्ह घातलं.

एवढी तफावत येते कुठून, हे नीट समजून घेतलं. नमुन्यातल्या डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात. मिथिल गट नसलेलं सायटोसिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) त्यात युरॅसिल होऊन जातं, मिथिल गट असलेलं तसंच टिकतं, आणि चिप हा फरक वाचते. प्रत्येक जागेला 0 ते 1 मधलं एक मूल्य मिळतं: इतक्या टक्के प्रतींवर मिथिल गट सापडला. या प्रक्रियेत डीएनए तुटतं, आणि सुकलेल्या थेंबात ते मुळातच थोडं असतं. त्यामुळे काही जागांची मूल्यं प्रत्येक वाचनात थोडी सरकतात. घड्याळ या निवडक जागांना वेगवेगळं वजन देऊन बेरीज करतं. जास्त वजनाच्या चार जागा एकाच दिशेला सरकल्या की वय काही वर्षांनी हलतं. अल्बर्ट हिगिन्स-चेन, मॉर्गन लेव्हाइन या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये हेच मोजलं. एकाच नमुन्याच्या दोन वाचनांत प्रसिद्ध घड्याळांची उत्तरं 9 वर्षांपर्यंत वेगळी येऊ शकतात, असं त्यांना आढळलं. माझी साडेपाच वर्षं त्यात सहज बसतात.

इथवर मी एक तारा देऊन मोकळी होणार होते. मग मूळ डेटाची फाइल मागितली, आणि ती कटकट न करता मिळाली. या कंपनीची ही एकच गोष्ट मनापासून आवडली. दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहिल्या. 8 लाखांहून अधिक जागांपैकी बहुतेक अगदी जुळतात. एका जागी मात्र पहिल्यात 0.62 आहे आणि दुसऱ्यात 0.55, आणि अशा मोजक्या जागांनी घोळ घातलाय. हिगिन्स-चेन यांच्या गटाने त्यावर उपायही दिलाय: सुट्या जागांऐवजी एकत्र बदलणाऱ्या जागांचे गट धरून वय काढायचं. त्या पद्धतीत बहुतेक जोड्यांमधला फरक दीड वर्षाच्या आत येतो, आणि तिचा कोड खुला आहे. एका ओळखीच्या संख्याशास्त्रज्ञाने माझ्या दोन्ही फाइली त्यातून काढल्या. फरक वर्षभरावर आला. म्हणजे रक्तातली माहिती चांगली होती, चिपनेही ती ठीकच वाचली होती, कंपनीनं हिशेब जुना लावला होता. म्हणून मत बदलतेय. चाचणी टाकाऊ नाही, रिपोर्ट टाकाऊ आहे.

रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात म्हातारं होण्याचा वेगही दिलेला असतो. तो माझ्या दोन्ही रिपोर्टांत जवळपास सारखा होता, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारेक जणांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. त्यांची मूत्रपिंडं, फुप्फुसं, हिरड्या, रक्तातली साखर असं बरंच काही 26 ते 45 या वयात चार वेळा मोजून हे वेगाचं माप बनवलं, आणि बनवताना डळमळीत जागा मुद्दाम वगळल्या. 1 म्हणजे वर्षाला एक वर्ष. कॅलेरी (CALERIE) नावाच्या, कमी खाण्याचा परिणाम पाहणाऱ्या चाचणीत लोकांनी दोन वर्षं उष्मांक सरासरी 12 टक्क्यांच्या आसपास कमी केले, तेव्हा हा वेग 2 ते 3 टक्क्यांनी मंदावला. वय सांगणारी इतर घड्याळं त्यात लक्षणीय हलली नाहीत. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून एवढासा फरक पडत असेल, तर तीन महिने गोळ्या खाऊन चार वर्षं कमी झाल्याचं सांगणारा डॅशबोर्ड नेमकं काय मोजतोय, याचा विचार करावा.

आणखी एक अडचण रक्ताचीच आहे. रक्तात अनेक प्रकारच्या पेशी असतात. अजून कोणत्याही संसर्गाशी गाठ न पडलेल्या टी-पेशींचं एपिजेनेटिक वय त्याच माणसाच्या लढून आलेल्या टी-पेशींपेक्षा 15 ते 20 वर्षांनी कमी भरतं. पेशींचं हे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसार आणि आजारपणात बदलतं. त्यात शस्त्रक्रिया, गरोदरपण, गंभीर कोविड अशा ताणात हे वय वाढून नंतर परत उतरतं, असं 2023 मध्ये दिसलंय. म्हणून ताप येऊन गेल्यावर लगेच चाचणी करू नका, आणि दर वेळी दिवसाच्या एकाच वेळेला रक्त द्या. ही एक ओळ किटच्या पत्रकात हवी होती.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. एनएमएन या पूरक द्रव्याने रक्तातलं एनएडी (पेशींना ऊर्जेसाठी लागणारा रेणू) वाढतं, तेवढं खरं. माणसाचं आयुष्य त्याने वाढल्याचा पुरावा नाही. एनएमएनची जवळची बहीण निकोटिनामाइड रायबोसाइड अमेरिकेतल्या तीन प्रयोगशाळांच्या संयुक्त चाचणीत उंदरांचं आयुष्य वाढवू शकली नाही. त्याच चाचणीत रॅपामायसिन या औषधाने 2009 मध्ये उतारवयातल्या उंदरांचंही आयुष्य वाढवून दाखवलं होतं, म्हणजे चाचणी कडक असली तरी अन्याय करणारी नाही. मी गोळ्या बंद केल्या आहेत.

पाचपैकी अडीच तारे. दीड तारा मूळ फाइल दिल्याबद्दल, एक वेगाच्या मापाबद्दल. दर तीन महिन्यांची योजना घेऊ नका, इतक्या थोड्या काळातला खरा बदल या गोंगाटात दिसणारच नाही. वर्षातून एकदा करा आणि फाइल मागून घ्या. माझी योजना रद्द करून झाली आहे. ती करताना कारणाच्या रकान्यात मी अधिक-उणेचा प्रश्न पुन्हा एकदा लिहिलाय.