फोटोसाठी घर मोकळं करून देतो म्हणणाऱ्याने आत्याचं घर कसं लुटलं

मुंबईत जुना फ्लॅट विकायला काढला, की दलालांच्या पाठोपाठ हल्ली आणखी एक जमात येते. घराची जाहिरात 'नीट' करून देणारे. घर आवरून देऊ, दोन दिवसांसाठी भाड्याचं फर्निचर लावू, चांगले फोटो काढू, साइटवर टाकू, असं त्यांचं पॅकेज असतं. यातले सगळे लबाड नसतात. माझ्या आत्याकडे आला तो होता, आणि त्याची पद्धत इतकी घोटीव होती की आमचं घर काही त्याचं पहिलं नसणार. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आत्याचा फ्लॅट विलेपार्ले पूर्वेला. साठच्या दशकातली सोसायटी, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, ४८० चौरस फूट. आत्या ऐंशीला टेकलेली, गुडघ्यांनी जवाब दिलेला, मुलगा पुण्यात. तेव्हा विकून तिकडे जायचं ठरलं आणि मी मोबाइलवर फोटो काढून दोन साइटवर जाहिरात टाकली. फोटो काही फार देखणे नव्हते. दिवाणाखाली ट्रंका, भिंतीवर तीन कॅलेंडरं, खिडकीला आडवी नायलॉनची दोरी, पोटमाळ्यावर कोंबलेल्या गाद्या. पार्ल्यातल्या कुठल्याही जुन्या घरात दिसतं तेच.

जाहिरात पाहून या माणसाचा फोन आला. पस्तिशीचा, मराठी, बोलायला अतिशय गोड. व्हिजिट फुकट. आला तो चपला बाहेर काढून, आत्याला वाकून नमस्कार करून. हातात टॅब. आधी म्हणाला, "काकू, आहे तसंच राहू द्या, काही आवरू नका," आणि फोनवर भराभर फोटो काढले. ते फोटो त्याने लगेच व्हॉट्सॲपवर आत्याला पाठवले. मग टॅबवर एका बाजूला आत्याची खोली आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या सोफ्याचा एक चकचकीत हॉल ठेवून म्हणाला, "राग मानू नका काकू, पण गिऱ्हाइकाला हे दिसतं. तो फ्लॅट तुमच्याच एरियातला, कार्पेट एवढंच. पंधरा लाख जास्त मिळाले त्यांना."

आत्याचा चेहरा उतरला. तिने उठून आधी दोरीवरचा परकर काढला.

ते फोटो मी नंतर निवांत पाहिले. भर दुपारी, पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून काढलेले; म्हणजे खिडकी पांढरीफटक आणि खोली काळी. त्यात ट्यूबलाइट लावलेली, त्यामुळे भिंतींवर हिरवट छटा. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरलेला. आणि लेन्स ०.५ची, म्हणजे कडेच्या वस्तू ताणून मोठ्या दाखवणारी. दाराशेजारचं गोदरेजचं कपाट त्यात हत्तीएवढं झालं होतं. जगातलं कुठलंही घर असं टिपलं तर अडगळीचंच दिसेल. फोटो काढण्यात तो चांगलाच तरबेज होता, म्हणूनच त्याला इतके वाईट काढता आले. घराची लाज वाटायला लावणं हा त्याच्या धंद्याचा पाया. एकदा माणसाला लाज वाटली, की तो वस्तूंची किंमत करत नाही, त्या डोळ्यांपुढून कधी जातात एवढंच बघतो.

पॅकेज ६५ हजारांचं, निम्मे आगाऊ, तेही यूपीआयने कुणा तिसऱ्याच नावाच्या खात्यात. "बिल केलं तर वर जीएसटी लागेल काकू, कशाला?" कार्डावर रेरा नंबर, म्हणजे घरबांधणी क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, छापलेला, त्यामुळे आतेभावानेही पुण्याहून मान डोलावली. तो नंबर 'पी' अक्षराने सुरू होत होता. महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या रेराकडे, 'पी'चा नंबर बांधकाम प्रकल्पाचा असतो, एजंटचा 'ए'ने सुरू होतो. महारेराच्या साइटवर टाकून पाहिला तर कोणातरी बिल्डरची इमारत निघाली. शिवाय कायद्याने एजंटला नोंदणीची सक्ती आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली घरं विकण्यासाठी. जुन्या सोसायटीतला रिसेल आणि फोटो काढून देणारा माणूस त्यात येतच नाही. कार्डावरचा तो नंबर निव्वळ शोभेचा होता.

पॅकेजमध्ये 'स्टोरेज फ्री' होतं. फोटोसाठी सामान त्याच्या गोडाऊनमध्ये जाणार, घर विकलं की हवं तिथे पोहोचतं होणार. टेम्पो आला तो कामाच्या दिवशी दुपारी. मी ऑफिसात, आत्या एकटी. चार पोरं, तासाभरात काम उरकून गेली. हातात पावती: 'जुने घरगुती सामान, १ टेम्पो, गोडाऊन'. सही, तारीख, बस.

संध्याकाळी मी घरात पाऊल ठेवलं आणि गोंधळून गेले. घर मोकळं झालंच नव्हतं. सनमायका उडालेला शोकेस तिथेच. प्लास्टिकचे पिंप तिथेच. फाटक्या रेक्झिनचा सोफा, पत्र्याच्या ट्रंका, पोटमाळ्यावरच्या गाद्या, बाल्कनीतला मोडका कूलर, सगळं जागच्या जागी. फोटोत खरोखर जे वाईट दिसेल त्याला कुणी हात लावला नव्हता. गेलं होतं ते वेगळंच. बेल्जियन आरशाचं शिसवी कपाट. लांब हातांची वेताची आरामखुर्ची. मच्छरदाणीच्या दांड्यांचा बर्मा सागवानी पलंग. लोखंडी पायांचं शिवणयंत्र, जे पंधरा वर्षांत कुणी चालवलं नव्हतं. आणि भांडी! तांब्याचा बंब, घंगाळ, दोन हंडे, पितळी परात, कोठीतला मोठा डबा, आजीची समई. भांडी तर माळ्यावर गोणपाटात बांधलेली होती, कुठल्याच फोटोत येणार नव्हती. पोरांनी ती शोधून काढली म्हणजे काय घ्यायचं ते आधीच ठरलेलं होतं. पहिल्या दिवशी तो "पोटमाळा बघू का" म्हणून स्टुलावर का चढला होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला.

मी फोन केला तर म्हणे, "ताई, हेवी आयटम आधी काढतो, बाकीचं उद्या." ते उद्या कधी उजाडलंच नाही. फोटो मात्र झाले. भाड्याचा एक सोफा, प्लास्टिकचं झाड आणि दोन फ्रेमा घेऊन आले, आत्याचा पसारा आतल्या खोलीत लोटला, हॉलचे फोटो काढले. मग तोच पसारा हॉलमध्ये आणून आतले काढले. सामान घराबाहेर न नेताही फोटो कसे काढता येतात, हे त्यांनीच आम्हाला दाखवलं.

त्या फोटोंची कथा थोडक्यात. जाहिरातीत आत्याच्या हॉलला पांढऱ्या टाइल्स होत्या. खिडकीचं ग्रिल गायब. भिंतीवरची ओल गायब. कार्पेटच्या जागी ६२० चौरस फूट, बहुधा बिल्टअपचा, म्हणजे भिंतींची जाडीही धरून केलेला आकडा. बोरिवलीहून एक कुटुंब बघायला आलं, दारातच त्या बाई खाली बघून म्हणाल्या, "फोटोतली लादी कुठे आहे?" खोट्या फोटोंमुळे भाव वाढत नाही. उलट येणारा माणूस फसवलं गेल्याच्या रागात येतो आणि बरोबरचा दलाल त्याच रागावर भाव पाडतो. आम्ही जाहिरात उतरवायला लावली.

सामान परत मागितलं तेव्हा आधी गोडाऊन भिवंडीला असल्याचं कळलं. मग महिन्याचं भाडं सांगण्यात आलं. फुकट स्टोरेज म्हणे फक्त पहिल्या आठवड्याचं होतं. मग फोन लागेना. शेवटी एक दिवस त्यानेच फोन करून सांगितलं, की सामानाला वाळवी लागली होती, बाकीच्या गिऱ्हाइकांचा माल खराब होऊ नये म्हणून टाकून द्यावं लागलं, आणि माणुसकी म्हणून तो भंगाराचे आठ हजार देईल. शिसवीच्या गाभ्याला आणि जुन्या बर्मा सागाला वाळवी! कुठल्याही सुताराला सांगून पाहा. आणि तांब्याच्या बंबाला काय लागलं होतं?

त्या जिन्नसांना आज काय मागणी आहे ते ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा चोर बाजाराच्या मटण स्ट्रीटवर एक चक्कर मारली की कळतं. शिवणयंत्राच्या लोखंडी पायांवर काच टाकून कॅफेत टेबलं होतात. बंब घासून हॉटेलांच्या दारात शोभेला ठेवतात. आपण ज्याला अडगळ म्हणतो ते दुसऱ्याच्या दुकानात 'विंटेज' म्हणून उभं असतं. आणि ही गोष्ट ऐंशीच्या आत्याला माहीत नसते, पण घर आवरायला आलेल्या माणसाला पक्की माहीत असते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न किमतीचा. बिल आहे का? आत्याच्या सासऱ्यांनी घेतलेल्या कपाटाचं बिल कुठून आणायचं? पावतीवर 'जुने घरगुती सामान'. त्यात शिसवी कपाट होतं की मोडके स्टूल, हे कागदावरून कसं ठरवणार? अधिकाऱ्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच होतं. इथे आम्हाला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, घरातले अल्बम. आतेभावाच्या मुंजीत, वहिनीच्या डोहाळजेवणात मागे ते कपाट आणि आरामखुर्ची स्वच्छ दिसते. दुसरी, त्याचेच ते पहिल्या दिवशीचे भेसूर फोटो. घर वाईट दाखवायच्या नादात त्याने खोल्यांमधली प्रत्येक वस्तू टिपली होती आणि स्वतःच्या नंबरवरून, तारीख-वेळेसकट पाठवली होती. तेच आता तक्रारीला जोडलं आहे. सोबत यूपीआयची नोंद, सोसायटीच्या गेटच्या सीसीटीव्हीतला टेम्पो आणि वॉचमनच्या वहीतला गाडीचा नंबर. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा सेक्रेटरींना त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

वकिलांनी सांगितलं त्यानुसार तक्रार नुसती 'पैसे बुडवले' अशी लिहू नका. विश्वासाने सोपवलेलं सामान हडपलं, हे स्पष्ट लिहा. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३१६ आहे, फसवणुकीचं ३१८ वेगळं. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क पडत नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवता येते.

आता ज्यांना घर दाखवायचंच आहे त्यांच्यासाठी. आत्याच्या घराचे फोटो शेवटी माझ्या भाचीने काढले, सकाळी दहाच्या उजेडात, दिवे बंद करून, फोन छातीच्या उंचीवर धरून, साध्या १ च्या लेन्सने. जमिनीवरचं आणि ओट्यावरचं सगळं उचललं, कॅलेंडरं-दोऱ्या काढल्या, खिडक्यांच्या काचा पुसल्या. मोझॅकची लादी सोड्याने घासली तेव्हा तिचा हिरवा रंग कित्येक वर्षांनी दिसला. सुटं सामान खोक्यांत भरून एका खोलीत ठेवलं, मग दुसऱ्या. एकही वस्तू उंबऱ्याबाहेर गेली नाही. पार्ल्यासारख्या रिडेव्हलपमेंटच्या भागात गिऱ्हाईक तसंही शेअर सर्टिफिकेट, कार्पेट, पार्किंग आणि सोसायटीचं बिल्डरशी कुठवर आलंय हे विचारतं. सोफ्याबद्दल आम्हाला कुणी विचारलं नाही.

तरीही सामान बाहेर ठेवायची वेळ आलीच, तर प्रत्येक वस्तूचं नाव, लाकूड वा धातू, भांड्यांचं वजन आणि अंदाजे किंमत पावतीवर लिहून घ्या. गोडाऊनचा पत्ता घ्या, आणि आधी घरातलं कुणीतरी तिथे जाऊन या. 'जुने सामान' एवढ्यावर सही करायला सांगणाऱ्याला टेम्पोसकट परत पाठवा. वयस्कर माणूस एकटं घरी असताना गाडी बोलावू नका, आणि माळा बघू मागणाऱ्याला विचारा, माळ्याचा फोटो कुठे लागणार आहे?

त्या माणसाचं नाव इथे देत नाही, तक्रार चौकशीत आहे. पण धंदा चालू आहे, नाव आणि नंबर बदलून. त्याच्या नव्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो आहेत. 'आधी'च्या फोटोत मळकी मोझॅक लादी, काळवंडलेली खोली आणि उजवीकडे आरशाचं शिसवी कपाट दिसेल. तो फोटो आत्याच्या घरातला आहे. त्याला तुम्ही सामान दिलं असेल तर आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. आमच्या चौकशी अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं आहे, की आणखी कुणी तक्रारदार पुढे आला तर हे 'सामान खराब झालं' प्रकरण राहणार नाही.