ताजा बांगडा की खारा?

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की मालवणात पेजेसोबत निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा येतो. चवीला तोड नाही, हे आधीच कबूल. पण मिठात टिकवलेल्या पदार्थांचा पोटाच्या कॅन्सरशी संबंध दिसलाय, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. ताज्या बांगड्यात प्रथिनं भरपूर, मिठाचा हात मात्र आपला.

केमो चालू असेल तर ताजाच. तोंड आलेलं असतं, खारट-तिखट झोंबतं. तिरफळं, कोकम, मिरची वगळून नारळाच्या रसात नीट शिजवलेला बांगडा मऊ भातात कालवून द्यावा. काटे आपणच काढून.

खारा मी सोडलेला नाही. कधीतरी, तोही पाण्यात भिजवून.