मुंबई सिटी एफसी : सिटी समूहाच्या सहा वर्षांच्या कारभाराचे परीक्षण

२६ डिसेंबर २०२५ रोजी मँचेस्टर सिटीसह जगभर क्लब चालवणाऱ्या सिटी फुटबॉल समूहाने इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतील मुंबई सिटी एफसीमधील आपला हिस्सा सोडत असल्याचे जाहीर केले आणि क्लबची संपूर्ण मालकी पुन्हा रणबीर कपूर व बिमल पारेख या मूळ मालकांकडे आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हापासून या दिवसापर्यंतची सहा वर्षे प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहेत. मोसमाचे तिकीट काढणारा प्रेक्षक हा शेवटी ग्राहकच असतो. त्याच्या पैशाच्या आणि निष्ठेच्या बदल्यात मँचेस्टरहून चालणाऱ्या या व्यवस्थापनाने त्याला काय दिले, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

समूह येण्यापूर्वीची अवस्था थोडक्यात सांगता येईल. २०१४ मध्ये क्लब सुरू झाला तेव्हा पीटर रीड प्रशिक्षक होते, पुढच्या वर्षी निकोला आनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता, नंतर अलेक्झांद्रे गिमारायस आणि जॉर्ज कोस्टा आले. फ्रेडी ल्युंगबर्ग, दिएगो फोर्लान अशी नावे पोस्टरवर झळकली. २०१६ मध्ये संघ साखळीत पहिला आला खरा, पण उपांत्य फेरीत गारद झाला; करंडक एकही नाही. प्रत्येक प्रशिक्षकाबरोबर खेळण्याची पद्धत बदलायची आणि त्याच्याबरोबरच निघून जायची. मार्च २०१९ मधील उपांत्य सामन्यात सेर्जिओ लोबेरा यांच्या एफसी गोवाने मुंबईत येऊन यजमानांना ५-१ असे हरवले, तेव्हा या दोन संघांत नेमका कशाचा फरक आहे हे प्रेक्षागारातल्या कोणालाही दिसत होते.

नव्या व्यवस्थापनाने तो फरक सरळ विकत घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये लोबेरा यांची नेमणूक झाली आणि मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू, मंदार राव देसाई हे गोव्याचे खेळाडूही मुंबईच्या निळ्या जर्सीत आले. गोव्यातील फुटबॉलप्रेमींचा यावरचा राग समजण्यासारखा आहे, परंतु व्यवसाय म्हणून पाहिले तर आधी पद्धत ठरवायची, मग त्या पद्धतीचा प्रशिक्षक आणायचा आणि मग त्याला लागणारे खेळाडू मिळवायचे, हा क्रम या क्लबमध्ये पहिल्यांदाच पाळला गेला. करोनामुळे २०२०-२१ चा संपूर्ण मोसम गोव्यात, प्रेक्षकांविना झाला. मुंबईने उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टींवर हरवले, आणि १३ मार्च २०२१ रोजीच्या अंतिम सामन्यात फातोर्ड्याच्या रिकाम्या मैदानावर बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला केलेल्या गोलामुळे एटीके मोहन बागानवर २-१ असा विजय मिळवला. साखळीतील अव्वल स्थानाची ढाल आधीच हाती आली होती. पहिली दोन्ही विजेतेपदे मुंबईकर प्रेक्षकाने दूरचित्रवाणीवर पाहिली, हे मात्र या सेवेचे दुर्दैव म्हणावे लागेल.

माझ्या मते समूहाच्या कारभाराचे खरे मूल्यमापन त्या विजयापेक्षा पुढच्या दोन खांदेपालटांवरून करावे लागते. लोबेरा ऑक्टोबर २०२१ मध्ये गेले आणि मोसम तोंडावर असताना त्यांच्या जागी डेस बकिंगहॅम आले. ते समूहाच्याच मेलबर्न सिटीमध्ये सहायक प्रशिक्षक होते. पहिल्या वर्षी संघ पाचवा आला आणि बाद फेरीही हुकली. भारतीय फुटबॉलमध्ये एवढ्या कारणावरून प्रशिक्षकाला नारळ मिळतो. येथे बकिंगहॅम यांना राखण्यात आले, कारण समूहाची माणसे निकालाबरोबर खेळाचीही मोजदाद करत होती. त्याच वसंतात रियाधमध्ये मुंबईने इराकच्या अल कुवा अल जाविया संघाला २-१ असे हरवले. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिलाच सामना होता. पुढच्या मोसमात, म्हणजे २०२२-२३ मध्ये, संघ ४६ गुणांच्या विक्रमासह साखळीत पहिला आला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बकिंगहॅम यांना इंग्लंडमधील ऑक्सफर्ड युनायटेडने नेले. ऐन मोसमात प्रशिक्षक गेला की बहुतेक क्लबांची घडी विस्कटते. मुंबईत महिन्याभरात पेत्र क्रात्की आले, तेही मेलबर्न सिटीतूनच. संघाला नवी भाषा शिकावी लागली नाही, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये मोहन बागानने आधी गोल केल्यानंतरही मुंबईने ३-१ असा विजय मिळवून दुसऱ्यांदा करंडक जिंकला. त्या रात्री करंडक उचलणारा कर्णधार राहुल भेके हा मुंबईचाच मराठी मुलगा होता. उत्तराधिकारी आधीच हेरून ठेवण्याची ही सवय भारतीय क्लबांनी जरूर उचलावी. ती केवळ पैशाने येत नाही, कारण या लीगमध्ये पैसा इतरांकडेही होता.

आता उणिवा. जिंकलेला संघ राखून ठेवणे या व्यवस्थापनाला एकदाही नीट जमले नाही. २०२१ च्या विजेतेपदानंतर कर्णधार अमरिंदर सिंग आणि बुमू हे दोघेही एटीके मोहन बागानकडे गेले. २०२४ नंतर तर अपुइया मोहन बागानकडे, आणि भेके, पेरेरा दियाझ व नोगुएरा हे तिघे बेंगळुरूकडे गेले. क्रात्की यांच्या हाती उरलेला संघ २०२४-२५ मध्ये कसाबसा सहावा आला आणि बाद फेरीत त्याच बेंगळुरूने त्याचा ५-० असा फडशा पाडला. खेळाडूंच्या करारांचे निर्णय मुंबईतील कार्यालय आणि मँचेस्टरमधील मुख्यालय यांच्यात कसे वाटलेले होते, हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही. मुंबईत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून कंदर्प चंद्रा यांनी बराच काळ सातत्य राखले, हे त्यांच्या जमेस धरले पाहिजे. परंतु प्रशिक्षकाची खुर्ची एक दिवसही रिकामी राहू नये म्हणून दाखवलेली तत्परता मधल्या फळीच्या बाबतीत दिसली नाही, ही तक्रार उरतेच.

दुसरी उणीव मोठी आहे, आणि तिचा संबंध थेट प्रेक्षकाशी येतो. मुंबई सिटीला आजही स्वतःचे मैदान नाही. घरचे सामने होतात ते अंधेरीच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात, जे महापालिकेचे आहे. आझाद नगर मेट्रो स्थानक जवळ असल्यामुळे जाण्यायेण्याची सोय चांगली आहे, आणि प्रेक्षागार मैदानाला इतके बिलगलेले आहे की वेस्ट ब्लॉक ब्लूज या क्लबच्या समर्थकांच्या गटाच्या ढोलताशांत खेळाडूंचा आरडाओरडाही ऐकू येतो. या बाबतीत देशातील भल्यामोठ्या क्रिकेट मैदानांपेक्षा अंधेरी कितीतरी सरस आहे. मात्र तेथील क्षमता सात-आठ हजारांच्या घरात आहे आणि आशियाई महासंघाच्या निकषांत ते मैदान बसले नाही. त्यामुळे २०२३ च्या चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने पुण्यात बालेवाडीला आणि, सौदी अरेबियाच्या अल हिलालविरुद्धचा सामना, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये घ्यावे लागले. अल हिलालच्या नेमारचे नाव ऐकून तिकिटे काढणाऱ्यांच्या वाट्याला नेमार आला नाही, कारण त्याआधीच त्याचा गुडघा दुखावला होता. मुंबईने गटातील सहाही सामने गमावले. सामन्यांचे निकाल सोडून देऊ. जगभर क्लब चालवणाऱ्या समूहाने सहा वर्षांत मुंबईत मैदानाचा प्रश्न पुढे सरकवला नाही, हे माफ करण्यासारखे नाही. मुंबईत जमीन मिळणे किती कठीण आहे, हे मुंबईकराला कोणी सांगायला नको; पण भाडेकरू असल्याची जाणीव मनात असली की माणूस भिंतीत खिळासुद्धा जपून ठोकतो, आणि या क्लबचे शहराशी नाते तसेच राहिले.

म्हणूनच समूहाच्या जाण्याने धक्का बसला तरी आश्चर्य वाटले नाही. इंडियन सुपर लीग चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. त्याआधी जुलैतच नवा मोसम लांबणीवर पडला होता, आणि व्यावसायिक हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. अशा अनिश्चिततेत कोणताही परदेशी गुंतवणूकदार हिशोब करणारच. महाराष्ट्राला तर याचा अनुभव जुना आहे. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, पुणे एफसी आणि मुंबई एफसी पुढच्या काही वर्षांत गेले, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीची जागा हैदराबादने घेतली. मालकाच्या एका निर्णयाने संघ नाहीसा होतो, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. कोल्हापूरच्या पेठांतील तालमींचे संघ मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, कारण तेथे मालकी गल्लीची असते. मुंबई सिटी बंद पडला नाही, मूळ मालक उभे राहिले, एवढी गोष्ट या वेळी वेगळी घडली.

गुण द्यायचेच झाले तर प्रशिक्षकांची निवड आणि खेळाची पद्धत यांसाठी मी पाचपैकी साडेचार देईन, संघ राखण्यासाठी अडीच, आणि प्रेक्षकांशी व शहराशी असलेल्या नात्यासाठी दोनच. दोन ढाली आणि दोन करंडक पाहता हे शेवटचे गुण कंजूषपणाचे वाटतील, पण करंडक संघाला मिळतात आणि बसायची जागा प्रेक्षकाला लागते.

पुढील मोसमाचे तिकीट घ्यावे का, असे कोणी विचारले तर घ्यावे, असेच मी सांगेन; अंधेरीसारखे जवळून फुटबॉल दाखवणारे दुसरे ठिकाण या शहरात नाही. फक्त नव्या व्यवस्थापनाकडून एका गोष्टीचे उत्तर आवर्जून मागावे. मेलबर्नमधील राखीव फळी आता उपलब्ध नाही, खेळाडू पारखण्याची समूहाची यंत्रणाही गेली. तेव्हा पुढचा प्रशिक्षक शोधण्याचे काम कोणाकडे आहे, हे मालकांनी नावानिशी जाहीर करावे.