गुंगीतला घोडा आणि गॅरंटीवाला प्रशिक्षक

घोडा ट्रेलरमध्ये चढेना की मालक किती टेकीला येतो, हे गॅरंटी देणाऱ्या प्रशिक्षकांना बरोबर ठाऊक असतं. माझा घोडा रॅम्पवर पुढचे दोन पाय ठेवायचा, तिथेच अडायचा आणि जरा जोर केला की मागच्या पायांवर उभा राहायचा. अशात ‘एका बैठकीत चढवतो, गॅरंटी’ म्हणणारा प्रशिक्षक भेटला. पैसे सगळे आगाऊ. शिवाय एक अट: ठरल्या वेळेआधी मालकाने तबेल्याकडे फिरकायचं नाही, ‘घोड्याला आधी माझी ओळख पटू द्या.’

मी पोचलो तेव्हा त्याने मोरकीची, म्हणजे घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्याची, दोरी धरली, रॅम्पवर पाऊल टाकलं आणि घोडा मान खाली घालून मुकाट आत गेला. फुरफुरणं नाही, कान टवकारणं नाही. बघणारे सगळे थक्क. त्याच भरात त्याने एक ‘खास’ मोरकीही माझ्या गळ्यात मारली.

पुढच्या खेपेला तोच घोडा रॅम्प दिसताच उधळला आणि छताच्या कडेवर डोकं आपटून घेतलं. फोनवर प्रशिक्षकाचं उत्तर तयार होतं: ‘माझ्याकडे चढला, तुमच्याकडे चढत नाही, म्हणजे दोष तुमच्यात. पुढचा कोर्स घ्या.’ सगळा धंदा या वाक्यावर चालतो. घोडा चढला तर श्रेय त्याचं, नाही चढला तर मालक नालायक, आणि दोन्हीकडून पावती फाडायला हा मोकळा.

नंतर पशुवैद्यांना त्या दिवसाचं मोबाइलवरचं चित्रण दाखवलं. त्यांनी ते थांबवून थांबवून पाहिलं. खालचा ओठ लोंबलेला, मागचे पाय फाकवून डोलणं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर आलेली तिसरी पापणी, लोंबतं लिंग. यातली लक्षणं असेप्रोमॅझिन किंवा डेटोमिडीनसारख्या गुंगीच्या औषधांची असतात. डेटोमिडीनचं जेल जिभेखाली घातलं की साधारण ४० मिनिटांत अंमल चढतो, सुईची खूणही राहत नाही. मला लांब का ठेवलं होतं, ते तेव्हा उमगलं. रक्त तपासायची वेळ टळून गेली होती, त्यामुळे छातीठोक पुरावा हातात नाही.

पशुवैद्याने गरजेला उघडपणे गुंगी देणं वेगळं. चोरून दिलेली गुंगी घातक, कारण अशा घोड्याचा तोल सुटतो, दचकला तर तो तशातही लाथ झाडतो, आणि असेप्रोमॅझिनने नर घोड्याच्या लिंगाला क्वचित कायमची इजाही होते. शिकणं तर दूरच. त्या दिवशी माझा घोडा काहीच शिकला नव्हता.

खरं कारण भलतंच निघालं. ट्रेलरमधली मधली आडभिंत जमिनीपर्यंत होती. वळणावर तोल सांभाळायला घोड्याला पाय फाकवावे लागतात, आणि तिथे जागाच नव्हती. आडभिंत काढली, उभ्या ट्रेलरमध्ये एक पाऊल आत, लगेच दोरी सैल, पुन्हा बाहेर, असं रोज थोडं थोडं चाललं. फार कंटाळवाणं काम, पण घोडा आता स्वतःहून चढतो. घोड्याच्या मागचा आडवा दांडा लागण्याआधी घोड्याला बांधत नाही आणि दांडा काढण्याआधी दोरी सोडतो, नाहीतर मागे खेचताना अडकून घोडा बिथरतो.

कुणी गॅरंटी देत असेल तर बैठक सुरू व्हायच्या आधीपासून हजर राहा, आणि आपल्या पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना काढून ठेवणार असल्याचं त्याला आधीच सांगा. कुरकुरला तर पैसे देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर स्वतःच्या हाताने चढवून-उतरवून पाहिल्यावरच हिशेब चुकता करा.

त्या माणसाच्या जाहिरातीत ‘यशस्वी’ म्हणून अजून माझाच घोडा झळकतोय. दिसला तर खालचा ओठ तेवढा बघा.