जुन्या पिनबॉलचा बोर्ड: दुरुस्त करावा की नवा मागवावा?

सोलापूरच्या गड्डा यात्रेत पाळण्यांच्या शेजारी कधीकाळी चालवलेलं एक अमेरिकन पिनबॉल मशीन (काचेखाली धातूची गोळी उडवायचा खेळ) माझ्या मेहुण्यानं भवानी पेठेतल्या गोदामातून उचलून आणलं. वर बोटभर धूळ, आत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, आणि चालू केलं की नुसती घरघर. "दाजी, बोर्ड गेलाय. नवाच मागवू का?" हा त्याचा पहिला प्रश्न. बोर्ड म्हणजे मशीन चालवणारी सर्किटची पाटी. माझं आयुष्य यंत्रमागाच्या मोटारी आणि पॅनेलं दुरुस्त करण्यात गेलंय, पण पिनबॉलपुढे आम्ही दोघंही नवशिकेच. तुमच्याकडेही असं धूड येऊन पडलं असेल, तर आम्ही घातलेला हा हिशेब कामाला येईल.

आधी मागची उभी पेटी उघडा. आत बोर्ड नसतील, नुसते रिले, कॅम आणि पट्ट्यांचे पॉइंट असतील, तर मशीन साधारण १९७७-७८ च्या आधीच्या पद्धतीचं आहे आणि हा प्रश्नच तुमचा नाही. ते काम मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोरापेक्षा अशोक चौकातल्या जुन्या लूम फिटरला लवकर समजेल. गॉटलीब कंपनीचं 'सिस्टिम १' असेल तरी निर्णय सोपा आहे. त्यातल्या रॉकवेलच्या चिप बनणं केव्हाच बंद झालंय, त्यामुळे मुख्य बोर्डावरची चिप गेली की नवा बोर्डच घ्यावा.

खरा पेच बॅली किंवा स्टर्न कंपनीच्या बोर्डांचा, म्हणजे १९७७ पासून पुढच्या काही वर्षांतल्या मशिनांचा. मेहुण्याचं मशीन त्यातलंच. ही मशिनं भरपूर खपली. बॅलीचं एकटं 'एट बॉल' वीस हजारांवर विकलं गेलं. म्हणून त्यांचे सर्किटचे नकाशे सहज मिळतात आणि सुटे भागही अजून सापडतात. आतला प्रोसेसर मोटोरोला ६८००, आणि सोबत साध्या, सॉकेटमध्ये बसणाऱ्या चिप. हात बसवायला याहून बरा बोर्ड मिळणं अवघड.

पण त्याच बोर्डावर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. मशीन वर्षानुवर्षं पडून राहिलं की ती पाझरते. आपण त्याला ॲसिड म्हणतो, पण तो असतो ॲसिडच्या उलट, अल्कधर्मी. म्हणून तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन जुन्या टूथब्रशनं घासलं की तो मरतो. मग स्वच्छ पाणी, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सावलीत वाळवण. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पंख्याचीही गरज पडत नाही.

वाळल्यावर जे दिसेल, त्यावर दुरुस्ती की नवा बोर्ड हे ठरतं. हिरवट बुरशी फक्त बॅटरीच्या पायाशी आणि चार-दोन रेझिस्टरांवर असेल तर जुना बोर्ड वाचवा. तेवढे भाग काढा, तांबं चमकेपर्यंत घासा, नवे भाग लावा. पण काळपट डाग चिपांच्या सॉकेटखाली शिरला असेल, सोल्डर धरत नसेल, सोल्डर शोषणारा सकर लावताच तांब्याचे पॅड उचकटत असतील, तर नवशिक्यानं तिथे थांबावं. मी हट्टानं एक संध्याकाळ घालवली आणि तीन ट्रॅक उडवले. भंगारातल्या टीव्हीच्या बोर्डावर आधी हात बसवायला हवा होता.

नव्या बोर्डाची बाजू अशी: चिप नव्या, जपायला बॅटरी नाही, एकाच बोर्डात अनेक मशिनांचे प्रोग्राम. त्याची किंमत मात्र डॉलरात, वर कुरिअर, वर कस्टम. जुन्याला लागणारी ६८२१ चिप (बोर्डाच्या आत-बाहेर सिग्नल नेणारी), सॉकेट आणि कनेक्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधता येतात. पुण्याला सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन रात्री परत. पैशांत जुना स्वस्त पडतो, पण रविवार जास्त खातो.

इथेच मेहुण्याची गफलत होत होती. नवा बोर्ड घेतला की काम संपलं, असं त्याला वाटत होतं. पण नवा बोर्ड जुन्याच वायरींवर, जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर बसणार. कनेक्टरच्या ३.९६ मिलिमीटर अंतराच्या पिना काळ्या पडलेल्या असतात, त्यांच्या मुळाशी सोल्डरला बारीक गोल तडा गेलेला असतो. ते काम दोन्ही वाटांवर तुमच्याच नशिबी आहे. पिना बदलल्या तर समोरचं कनेक्टरही बदला, नाहीतर जुनं कनेक्टर नव्या पिनाही जाळेल.

म्हणून कुठलाही बोर्ड मागवण्याआधी वीज तपासा. मशीन अमेरिकेच्या ११५ व्होल्टवर जोडलेलं आहे की आपल्या २३० वर, हे ट्रान्सफॉर्मरच्या वायरी जोडायच्या टॅगवर पाहा आणि अर्थिंगची वायर शाबूत आहे ना ते बघा. मग सगळे बोर्ड सोडवून फक्त रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या, टेस्ट पॉइंटवर मोजा. गोळी उडवणाऱ्या कॉइलसाठी ४३ व्होल्टच्या आसपास डीसी मिळायला हवा, बोर्डासाठी साधारण १२. आकड्यांच्या डिस्प्लेसाठी मात्र तिथे २३० व्होल्टच्या घरात डीसी असतो आणि स्विच बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो. मीटरनं उतरल्याची खात्री झाल्याशिवाय बोट लावू नका. लूमवर फ्यूजला तार गुंडाळायची आपली सवय इथे पूर्ण विसरायची. एक ट्रान्झिस्टर शॉर्ट असला की कॉइल ओढलेलीच राहते, आणि फ्यूजऐवजी तार असेल तर धूर निघतो.

जुना बोर्ड जिवंत आहे का, हे घरच्या टेबलावरही कळतं. जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून (पॉवर सप्लायमधून) ५ आणि १२ व्होल्ट द्या. बोर्डावरचा छोटा एलईडी आधी क्षणभर लुकलुकतो, मग एकेक चाचणी पास झाली की चमकतो. मशीनमध्ये तो सात वेळा चमकायला हवा, टेबलावर सहाच, कारण सातवी चाचणी कॉइलच्या ४३ व्होल्टची असते. एलईडी नुसताच पेटून राहिला तर रीसेटचा भाग किंवा प्रोग्रामची चिप बघा. आमचा चार चमकांवर अडला होता. पाचवी चाचणी दुसऱ्या ६८२१ ची, ती सॉकेटसकट बदलली आणि सहा पूर्ण झाल्या.

ट्रॅक उडालेत आणि नव्याला पैसेही नाहीत, तर फक्त बोर्ड काढून जाणत्या कारागिराकडे पाठवा. शंभर किलोच्या वर वजनाचं धूड टेम्पोत घालण्याचं कारण नाही. सोडवण्याआधी प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या. आमच्या इथे उंदरांनी वायरींचे रंगच खाल्ले होते, फोटो नसते तर बसलो असतो डोकं धरून.

दुरुस्त केलेल्या जुन्या बोर्डावर बॅटरी परत सोल्डर करू नका. बॅटरीशिवायही हे मशीन चालतं, फक्त सर्वोच्च गुण आणि नोंदी पुसल्या जातात. मेहुण्याला ते खपत नव्हतं, त्याला स्वतःचा आकडा टिकवायचा होता. शेवटी डायोड घालून सेलचा डबा वायरनं लांब, पेटीच्या तळाशी बसवला.