हद्दींच्या अभ्यासाला एआय: मजकूर टाका, नकाशा मागू नका

पेडण्यातल्या आमच्या ग्रुपवर सगळे विचारतायत एआयचं पेड व्हर्जन घेऊ का, म्हणून लिहिते. एमएचं डेझर्टेशन गोव्याच्या हद्दींवर आहे, त्यासाठी एका नावाजलेल्या एआय चॅटबॉटचं पेड व्हर्जन घेतलंय.

पोर्तुगीज कागदांना मस्त आहे हां. जुन्या तहाचा मजकूर टाकला की कलमवार अर्थ सांगतो, कुठलं वाक्य कायद्याचं नि कुठलं नुसतं थाटाचं ते पण सांगतो. पोर्तुगीजांना दमणहून दादरा-नगर हवेलीला भारतातून जायच्या वाटेवर हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाचा 1960 चा निकाल आहे ना, साधी माणसं, मुलकी अधिकारी नि माल यांना वाट, पण सैन्य आणि शस्त्रांना नाही, ते त्याने इतकं सोपं करून दिलं की गाईडसमोर धडाधड बोलले.

पण नकाशा! गोव्याचा काढ म्हटलं की तेरेखोल नदीवरनंच उत्तरेची रेघ मारतो नि तेरेखोलचा किल्ला जातो महाराष्ट्रात. अरे बाबा, किल्ला नदीपलीकडे असला तरी गोव्यातच आहे, केरीहून फेरीने जातो आम्ही. पोर्तुगीजांनी तो सावंतवाडीकरांकडनं 1746 ला जिंकला आणि नदीअलीकडचं पेडणे त्यांच्याकडे आलं 1788 ला, म्हणजे पलीकडचं आधी नि अलीकडचं नंतर, आता ही भानगड त्या चित्राला कशी कळणार? अंजदीव बेट पण कारवारसमोर दिसतं म्हणून कर्नाटकाच्या रंगात. गंमत म्हणजे लेखी विचारलं तर दोन्ही गोव्यातच म्हणतो, सॉरी बिरी पण म्हणतो, आणि परत तसंच काढतो. चित्र काढताना तो मोजत नाही काही, नदी दिसली की हद्द तिथेच असणार असं धरून चालतो, आणि माझा तर विषयच जिथे तसं नाहीये त्या जागांचा आहे.

नकाशाला क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, हवा तर त्याचा कोड ह्याच्याकडनं लिहून घ्या, ते जमतं त्याला. मोडी पत्राचा फोटो टाकू नका, वाचल्याचं नाटक करतो. दप्तराचा नंबर तर अजिबात विचारू नका, इतक्या आत्मविश्वासाने ठोकून देतो, आणि पणजीच्या पुराभिलेखात तसलं दप्तरच नसतं.

पाचपैकी तीन स्टार. वर्षाचे पैसे एकदम भरू नका, तहांचं वाचन असेल त्या महिन्यापुरतं घ्या.