बंपरला क्रोम करावा, स्टेनलेस स्टीलचा बनवावा की पावडर कोट?

घरच्या पार्किंगमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी दुरुस्त करून पुन्हा नव्यासारखी करताना इंजिन आणि पत्र्याचा खर्च आपण नीट हिशेब मांडून करतो. चकाकणाऱ्या भागांपाशी आलो की मात्र 'सगळंच क्रोम करून टाकू' असा सरसकट निर्णय होतो. तो टाळावा, असं मला मनापासून वाटतं. बंपर, दाराची मूठ आणि सस्पेन्शनचा आर्म यांचा धातू वेगळा आणि कामही वेगळं.

आधी क्रोमकडे पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात. शोभेच्या प्लेटिंगमध्ये, म्हणजे टाकीत विजेने धातूचा थर चढवण्यात, निकेलवर बसणारा क्रोमचा थर मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) काही दशांशांएवढाच असतो. तो निकेलला निस्तेज होऊ देत नाही आणि ओरखड्यांपासून वाचवतो. गंज अडवण्याचं काम मात्र खालच्या निकेलचं. बाहेर उन्हापावसात राहणाऱ्या भागावर निकेल साधारण ३० मायक्रॉन हवं, आणि तेही दोन थरांत: खाली सेमी-ब्राइट (कमी चकाकीचं), वर ब्राइट (चकचकीत). गंज वरच्या थरात आडवा पसरतो आणि लोखंडापर्यंत पोचायला त्याला खूप वेळ लागतो. पातळ निकेलमध्ये सूक्ष्म छिद्रं राहतात. दोन पावसाळ्यांत दिसणारे तपकिरी ठिपके तिथूनच येतात.

आता खर्च. बंपरच्या दोन्ही बाजू मिळून अर्धा चौरस मीटर धरला, तर ३० मायक्रॉन निकेलचं वजन सुमारे १३० ग्रॅम भरतं. २०२४-२५ मधल्या आंतरराष्ट्रीय भावाने हे निकेल दीडशे-दोनशे रुपयांचं. वरचा क्रोम जेमतेम एक ग्रॅम. तरीही बिल हजारांत येतं, कारण खरा खर्च मजुरीचा आहे: जुना थर उतरवणं, पोचे काढणं, गंजाचे खड्डे भरणं, बफिंग (घासून चकाकी आणणं), तांब्याचा थर, त्यावर पुन्हा बफिंग, मग निकेल. म्हणून कुणी निम्मा भाव सांगितला तर बफिंग आणि टाकीतला वेळ यांतच काटछाट होणार हे समजून चाला. कोटेशनमध्ये निकेलचे मायक्रॉन लिहून मागा. रंगाची जाडी मोजायचं साधं मीटर इथे भरवशाचं नाही, कारण ते चुंबकत्वावर चालतं आणि निकेल स्वतःच चुंबकीय असतं. एक्सआरएफ (क्ष-किरणांनी थराची जाडी मोजणारं) मशीन असलेला कारखाना मिळाला तर उत्तम.

सांडपाण्याचंही विचारा. नेहमीच्या क्रोमच्या टाकीत हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप) असतं आणि ते माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. स्वस्त कामात ते गटारात जात असेल, तर ती बचत मला नको. क्रोमियमच्या दुसऱ्या रूपापासूनचा ट्रायव्हॅलंट क्रोम त्या मानाने सुरक्षित. त्याची छटा किंचित गडद येते, त्यामुळे शेजारी-शेजारी दिसणारे भाग एकाच टाकीतून काढून घ्या.

दुसरा पर्याय स्टेनलेसचा. इथे पोपडे निघायला मुळात थरच नसतो, ओरखडा पडला तर पुन्हा बफ करता येतो. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत हा फरक मोठा आहे. पत्रा ३०४ ग्रेडचा घ्या, अगदी किनाऱ्यावर राहत असाल तर ३१६. बाजारात २०२ स्वस्त मिळतो आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. अडचण आकाराची आहे. बंपरचा गोलवा डायशिवाय (साच्याशिवाय) आणणं अवघड, तुकडे वेल्ड करून घासावे लागतात आणि चांगला कारागीर त्याचे प्लेटिंगपेक्षा जास्त पैसे घेतो. शिवाय स्टेनलेसची चमक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. जाणकाराला ती लांबूनही कळते.

पावडर कोटिंग (रंगाची पूड चिकटवून भट्टीत भाजणं) सगळ्यात स्वस्त आणि थर ६०-८० मायक्रॉनचा जाड, पण आरसा मिळत नाही. 'क्रोम इफेक्ट' पावडर चंदेरी दिसते, एवढंच. स्प्रेचा क्रोम घरातल्या शोभेपुरता ठीक, बंपरवर नको.

एका बाबतीत मात्र मी हट्टाने सांगेन. स्टिअरिंगचे आर्म, स्प्रिंग, सस्पेन्शनचे भाग आणि १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट शोभेसाठी क्रोम करू नका. ॲसिड आणि प्लेटिंगच्या टाकीत उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि भार आल्यावर ते पोलाद पूर्वसूचना न देता तडकू शकतं. त्यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर काही तासांतच भाग १९०-२२० अंशांवर बराच वेळ भाजणं. छोट्या कारखान्यात ते झालं की नाही हे तुम्हाला बघून कळणार नाही. शिवाय चकाकीखाली जुनी चीरही झाकली जाते. इथे साधा रंग बरा. स्टेनलेसचा ए२-७० ग्रेडचा बोल्टही ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा ताकदीला कमी, म्हणून तो फक्त नंबरप्लेट, दिवे, पट्ट्या यांच्यासाठी.

दाराच्या मुठी आणि बोधचिन्हं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात. त्यांतले खड्डे आतून पोखरलेले असतात, दुरुस्ती किचकट आणि नंतर फुगे येण्याचा धोका. जुन्या बाजारात चांगली जोडी मिळाली तर तीच घ्या. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना प्लेटिंग लागतच नाही, बफिंग पुरतं.

माझं मत विचाराल तर पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत, मूळ बंपरचा पत्रा शाबूत असेल तर, दुहेरी निकेलवर क्रोम करा. अलिबाग-रत्नागिरीकडे गाडी बाराही महिने उघड्यावर राहणार असेल आणि मूळ रूपाचा आग्रह नसेल, तर स्टेनलेस. पत्रा कुजलेला असेल तर प्लेटिंगवर पैसे घालू नका, दुसरा बंपर शोधा.

क्रोम करून आणलात तर बसवण्याआधी मागची बाजू झिंक प्रायमर देऊन रंगवा. खोलगट भागात आणि मागे प्लेटिंग पातळच बसतं, आणि चिखल तिथेच साचतो. धुताना फरशीचं ॲसिड अजिबात वापरू नका. प्लेटिंगवाले जुना क्रोम उतरवायला तेच हायड्रोक्लोरिक वापरतात.